ब्रायम अर्जेंटियम: उन्हात वाढणारे चंदेरी मॉस

ब्रायम अर्जेंटियम हे जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे मॉस अंटार्क्टिकासह सातही खंडांवर आढळते. हिमालयाच्या उतारांवर, युरोपातील फरसबंद चौकांत, चीनच्या वाळवंटी प्रदेशातील मातीच्या पापुद्र्यात, अमेरिकेतील गोल्फच्या मैदानांवर आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याकडील बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यांत त्याच्या नोंदी आहेत. जगात मॉसच्या सुमारे १२ हजार जाती मानल्या जातात. त्यांपैकी इतक्या परस्परविरोधी हवामानांत तग धरणाऱ्या जाती फारच थोड्या आहेत. मॉस ही ओल्या, सावलीच्या जागेची वनस्पती आहे अशी आपली साधारण समजूत असते आणि पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्याला ती चुकीची वाटण्याचे काही कारणही नाही. या जातीचा मार्ग मात्र निराळा आहे. पाणी साठवून ठेवण्याच्या खटपटीत ती पडत नाही. पाणी जाऊ देते, स्वतः पूर्ण वाळते आणि पुन्हा पाणी मिळेपर्यंत थांबून राहते. तिची शरीररचना, तिचे पुनरुत्पादन आणि तिने राहण्यासाठी निवडलेल्या जागा या एका क्षमतेशी जोडून पाहिल्या की बऱ्याच गोष्टी उलगडतात. या लेखात तिला चंदेरी मॉस म्हणू, कारण कोरड्या दिवसांत तिचा पुंजका खरोखरच चांदीसारखा करडा-पांढरा चमकतो.

मॉस ही जमिनीवरच्या वनस्पतींमधील एक प्राचीन शाखा आहे. भिंतीवर किंवा दगडावर जे जे हिरवे दिसते त्या सर्वाला बोलीत शेवाळ म्हटले जाते, पण पाण्याच्या टाकीतील बुळबुळीत शैवल आणि भिंतीवरचे मखमली मॉस यांत मोठा फरक आहे: मॉसला खोड असते, पाने असतात आणि प्रजननाचे निश्चित अवयव असतात. त्याला नसतात ती खरी मुळे, फुले, बिया आणि पाणी वर चढवणाऱ्या पक्क्या नलिका. मुळांच्या जागी मूलाभ नावाचे पेशींचे बारीक धागे असतात आणि त्यांचे मुख्य काम पकड घेणे हे असते. पाणी व क्षार मॉस आपल्या सगळ्या अंगाने शोषते. आंबा किंवा गवत जमिनीच्या पोटातील ओलीवर जगते, तर मॉस पृष्ठभागावर आता, या क्षणी जे पाणी आहे त्यावर जगते. मॉस ठेंगणे का असते, याचे उत्तरही यातच आहे. पाणी उंच नेण्याची व्यवस्था नसलेल्या वनस्पतीला जमिनीलगतच राहावे लागते, आणि जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असल्याने तिथे राहणे तिच्या फायद्याचेही असते.

या जातीला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात नाव दिले होते. तरीही शास्त्रीय नावापुढे मान मिळतो तो योहान हेडविग या वैद्यकाला. कारण असे, की मॉसच्या नामकरणाची अधिकृत सुरुवात १ जानेवारी १८०१ पासून धरली जाते आणि ती तारीख हेडविगच्या मॉसवरील ग्रंथावरून ठरली आहे. हेडविग १७९९ मध्ये लाइपझिग येथे वारला आणि ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. हा मान त्याला नुसत्या तांत्रिक नियमामुळे मिळाला असे वाटू नये. लिनियस मॉसच्या बोंडाला, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या डबीला, परागकोश समजत होता. सूक्ष्मदर्शकाखाली धीराने निरीक्षणे करून मॉसचे नर व मादी अवयव नेमके कोणते, हे हेडविगने दाखवून दिले आणि तिथून मॉसचा खरा अभ्यास सुरू झाला.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. चंदेरी मॉसचे पुंजके दाट, बसके आणि गादीसारखे असतात. एकेक खोड साधारण अर्धा ते दीड सेंटिमीटर उंच असते आणि बुडाशी तांबूस-तपकिरी मूलाभांनी मातीला किंवा सिमेंटच्या भेगेतील धुळीला धरून असते. पाने रुंद अंडाकृती, टोकाशी बारीक अणकुचीदार आणि लांबीला अर्धा ते एक मिलिमीटर इतकीच असतात. कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे ती एकमेकांवर चढून खोडाला घट्ट चिकटलेली असतात, त्यामुळे भिंगातून पाहिले तर पाने वेगळी दिसण्याऐवजी गुळगुळीत, गोलसर, टोकाकडे निमुळत्या झालेल्या काड्याच दिसतात. ही घट्ट मांडणी या जातीची पहिली ओळख आहे. दोन पानांमधील आणि दोन खोडांमधील केसाएवढ्या फटींत पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते व थोडा वेळ धरून ठेवले जाते. नलिकांचे काम इथे बाहेरच्या फटी करतात असे म्हटले तरी चालेल.

पान एका पेशीच्या जाडीचे असते. केवळ मध्यशिरेजवळ पेशींचे थर वाढतात. इतक्या पातळ पानाला बाहेरून पाणी शोषायला वेळ लागत नाही आणि ते गमवायलाही वेळ लागत नाही. पानाच्या खालच्या भागातील पेशींत हरितलवके असतात, त्यामुळे तो भाग हिरवा असतो. वरच्या भागातील, म्हणजे टोकाकडील तिसऱ्या हिश्श्यापासून कधीकधी निम्म्यापर्यंतच्या पेशींत हरितद्रव्य नसते. त्या पेशी मेलेल्या, रिकाम्या आणि पारदर्शक असतात. पाने एकावर एक चढलेली असल्याने प्रत्येक पानाचा हिरवा भाग खालच्या पानांच्या रंगहीन टोकांखाली झाकला जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो बहुतेक रिकाम्या पेशींचा थर. या पेशी कोरड्या असताना त्यांत हवा असते व त्यांच्यावर पडणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. चांदीचा रंग म्हणजे हा विखुरलेला प्रकाश. त्यात कोणतेही रंगद्रव्य नाही. पुंजक्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की पेशींतील हवेची जागा पाणी घेते, प्रकाश आत शिरू लागतो आणि करडा पुंजका काही मिनिटांत हिरवट होतो.

मेलेल्या पेशी बाळगून वनस्पतीला काय मिळते, हा प्रश्न रास्त आहे. उघड्यावर वाढणाऱ्या वाळलेल्या वनस्पतीला सर्वांत मोठा धोका प्रकाशाचा असतो. प्रकाशसंश्लेषण बंद असताना हरितद्रव्य मात्र प्रकाश शोषतच राहते, आणि ती ऊर्जा कुठेच न लागल्याने पेशीत घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात. वरचा रंगहीन थर त्यातला बराच प्रकाश बाहेरच परतवतो. प्रखर उन्हात आणि कोरड्या जागी वाढलेल्या पुंजक्यांत पानांची रंगहीन टोके लांब असतात व पुंजका अगदी पांढरा दिसतो. तेच मॉस सावलीत, ओलसर जागी वाढले तर टोके आखूड राहतात आणि रंग फिकट हिरवा होतो. एकच जाती इतकी वेगवेगळी दिसत असल्यामुळे जुन्या अभ्यासकांनी तिचे अनेक प्रकार व उपप्रकार पाडले होते. त्यांपैकी पुष्कळसे केवळ जागेच्या फरकामुळे दिसणारे असावेत, असे मानण्याकडे माझा कल आहे.

वाळून पुन्हा जिवंत होणे ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब असल्याने तिथे थोडे थांबायला हवे. बहुतेक फुलझाडांच्या पानांतील पाणी निम्म्याहून बरेच कमी झाले की पेशी कायमच्या निकामी होतात. वाळवंटी मॉस आणि चंदेरी मॉससारख्या जाती आपल्या पेशींतील पाणी भोवतालच्या हवेशी बरोबरी होईपर्यंत जाऊ देतात. वजनाच्या मानाने अगदी थोडे पाणी शिल्लक उरते आणि चयापचय जवळजवळ थांबतो. अशा अवस्थेत त्या आठवडे, महिने आणि काही नोंदींनुसार वर्षेही राहू शकतात. पेशी वाळताना दोन संकटे येतात: पेशीभोवतीचे पातळ पटल फाटते आणि प्रथिनांची घडी विस्कटते. शर्करा व काही विशिष्ट रक्षक प्रथिने पाण्याची रिकामी झालेली जागा भरून पटले व प्रथिने यांना आधार देतात, तर ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगे नुकसान मर्यादित ठेवतात. तरीही काही मोडतोड होतेच. म्हणून या वनस्पतींनी दुरुस्तीचीही सोय करून ठेवलेली असते. दुरुस्तीला लागणाऱ्या प्रथिनांच्या संदेश-आरएनएचा, म्हणजे ती प्रथिने बनवण्याच्या सूचनांचा, साठा पेशीत आधीच असतो आणि पाणी मिळताच त्यावरून काम सुरू होते. ओले झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत श्वसन जोराने वाढते, काही पदार्थ पेशीबाहेर गळतात, नंतर गळती थांबते आणि प्रकाशसंश्लेषण हळूहळू मूळ पातळीवर येते. वाळण्याची क्रिया सावकाश झाली असेल तर ही उभारी लवकर येते. झटक्यात वाळलेल्या पेशींना जास्त वेळ लागतो.

यात एक हिशेब दडलेला आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. दर वेळी ओले होताना वनस्पतीला आधी साठवलेली शर्करा खर्च करावी लागते आणि नंतरच्या प्रकाशसंश्लेषणातून ती भरून काढावी लागते. ओल पुरेसा वेळ टिकली तर हिशेब नफ्यात जातो. पण पाऊस अगदी थोडा पडला आणि दुरुस्ती संपण्याआधीच पुंजका पुन्हा सुकला, तर हाती फक्त तोटा येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावर एका वाळवंटी मॉसवर केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथे उन्हाळ्यात वारंवार १.२ मिलिमीटर इतके अल्प पाणी देण्यात आले आणि परिणाम असा झाला की मॉस झपाट्याने मेले. ती जाती चंदेरी मॉस नव्हती, सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस ही दुसरी होती. परंतु वाळून पुन्हा उभे राहणाऱ्या सर्वच मॉसांना हा जमाखर्च सांभाळावा लागतो. कोरडेपणा त्यांना मारत नाही, अर्धवट ओलावा मारू शकतो. बदलत्या हवामानात पाऊस एकूण किती पडतो याइतकेच तो कशा रीतीने विभागला जातो हे महत्त्वाचे का, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पुनरुत्पादन समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्याला दिसणारे हिरवे मॉस म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली पिढी असते. आपल्या आणि फुलझाडांच्या शरीरातील पेशींत असे दोन संच असतात. ही हिरवी पिढी युग्मके, म्हणजे शुक्रपेशी व अंडपेशी, तयार करते. चंदेरी मॉसमध्ये नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. शुक्रपेशीला दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखी शेपटे, असतात आणि त्यांच्या साहाय्याने ती पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीच्या अंडपेशीपर्यंत जाते. अंतर काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर. नर आणि मादीचे पुंजके लांब असतील तर फलन होणे अवघड, आणि पुष्कळ ठिकाणी मादी झाडेच जास्त आढळतात, नर विरळ. प्रजनन अवयव आलेले नसताना नर व मादी डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, त्यामुळे अशा मोजदादी वाटतात त्यापेक्षा किचकट असतात.

शुक्रपेशी फक्त पोहूनच जातात, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००६ साली स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी याच जातीवर केलेला साधा आणि देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी नर व मादी पुंजके एकमेकांना चिकटून, दोन सेंटिमीटर अंतरावर आणि चार सेंटिमीटर अंतरावर ठेवले. काही भांड्यांत स्प्रिंगटेल नावाचे, उड्या मारणारे सूक्ष्म कीटकसदृश प्राणी सोडले, काहींत माइट हे कोळ्यांचे सूक्ष्म नातेवाईक सोडले आणि काहींत काहीच सोडले नाही. प्राणी नसलेल्या भांड्यांत चिकटून ठेवलेल्या पुंजक्यांतच फलन झाले. प्राणी असलेल्या भांड्यांत मात्र दोन आणि चार सेंटिमीटर अंतरावरही बोंडे धरली. शिवाय हे प्राणी प्रजनन अवयव असलेल्या खोडांकडे अधिक जात असल्याचे दिसले. फुले आणि मधमाश्या यांच्यातील देवाणघेवाण आपल्याला परिचित आहे. फुलेच नसलेल्या वनस्पतींतही प्राण्यांकडून वाहतूक होऊ शकते, हे या प्रयोगाने समोर आणले. पुढे २०१२ मध्ये सेराटोडॉन पर्प्युरियस या दुसऱ्या मॉसवर झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात नर आणि मादी झाडांचा गंध वेगळा असतो व स्प्रिंगटेल मादीच्या गंधाकडे जास्त ओढले जातात, असेही आढळले.

फलन झाल्यावर मादी झाडाच्या टोकातून एक ते दोन सेंटिमीटर लांबीचा लालसर देठ वर येतो आणि त्याच्या टोकाला बोंड धरते. ही दुसरी पिढी, गुणसूत्रांचे दोन संच असलेली. ती जन्मभर मादी झाडाला जोडलेली राहते आणि पाणी व बरेचसे अन्न तिच्याकडूनच घेते. चंदेरी मॉसचे बोंड आखूड, लंबगोल आणि पक्व झाल्यावर गडद तांबडे ते काळपट होते. देठाच्या टोकाला ते खाली मान घालून लोंबते. बोंडाचे झाकण गळून पडले की तोंडाशी दातांची दुहेरी रांग दिसते. बाहेरच्या रांगेत १६ दात असतात. हवेतील आर्द्रता बदलेल तसे हे दात हालतात आणि बीजाणू एकदम न सांडता थोडेथोडे बाहेर पडतात. बीजाणू एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे वाऱ्यावर फार दूर जाण्याइतके हलके असतात. बीजाणू रुजला की त्यातून आधी हिरव्या धाग्यांचे जाळे तयार होते आणि त्या धाग्यांवर कळ्या येऊन नवी झाडे उभी राहतात. एकाच बीजाणूच्या जाळ्यातून अनेक झाडे उगवत असल्यामुळे पुंजका सुरुवातीपासूनच दाट असतो.

एवढा सगळा खटाटोप असूनही शहरातील चंदेरी मॉस पसरते ते बऱ्याच अंशी लिंगविरहित मार्गाने. पानांच्या बगलेत सूक्ष्म, कळीसारख्या कंदिका येतात. त्या सुटून पडल्या की थेट नवे झाड तयार होते. याखेरीज खोडाचे तुटलेले टोक, एवढेच काय पानाचा तुकडा देखील, ओल मिळताच धाग्यांचे जाळे काढून पुन्हा वाढू शकतो. वाळलेले खोड ठिसूळ होते. पायाखाली ते चुरडले जाते आणि चपलेच्या तळव्याला, सायकलच्या चाकाला, पक्ष्याच्या पायाला चिकटून त्याचे तुकडे पुढच्या भेगेत जाऊन पडतात. इतर वनस्पतींना जी पायपीट मारून टाकते, ती या मॉसच्या प्रसाराला उपयोगी पडते. सुकल्यावर मरत नसल्यामुळे हे तुकडे वाटेत सुकले तरी बिघडत नाही. लिंगविरहित वाढीचे हे यश सुकण्याच्या क्षमतेवर किती अवलंबून आहे, हे इथे स्पष्ट होते.

त्याच्या निवासस्थानाचे वर्णन एका वाक्यात करायचे तर ते उघड्या, तुडवलेल्या, नायट्रोजनयुक्त आणि मधूनमधून ओल्या होणाऱ्या पृष्ठभागावर वाढते. फरशांमधील सांधे, गच्चीच्या कडा, जुन्या भिंतींचे माथे, खडीचे रस्ते, राखेचे ढीग, दाबून घट्ट झालेली माती, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने माखलेले खडक या सर्व जागांत हे गुण थोड्याफार फरकाने सापडतात. सिमेंट आणि चुन्यामुळे येणारा अल्कधर्मीपणा त्याला चालतो. बहुतेक मॉसांना नायट्रोजनचा अतिरेक सोसत नाही. या मॉसला तो मानवतो, म्हणूनच कुत्री, पक्षी आणि माणसे यांच्या वावराच्या जागा त्याला वर्ज्य नाहीत. सावली आणि उंच गवत यांच्याशी स्पर्धा मात्र त्याला जमत नाही. भोवती मोठ्या वनस्पती वाढू लागल्या की ते मागे हटते. जंगलातील शांत, ओलसर ओंडक्यावर हे मॉस शोधणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता जास्त. शहराने जमीन उघडी ठेवली आणि ती तुडवत ठेवली, त्यामुळे त्याची सोय झाली.

गोल्फच्या मैदानाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चेंडू खळग्यात ढकलण्याच्या भागातील गवत काही मिलिमीटर उंचीपर्यंत कापलेले असते, त्याला रोज पाणी दिले जाते आणि खतही घातले जाते. गवत इतके आखूड की सावली पडत नाही, यंत्राची पाती दर फेरीत मॉसचे तुकडे करून पसरवतात आणि ओलावा नियमित. हे मॉस तिथे एक चिवट तण ठरले आहे व त्यावर रासायनिक उपाय शोधण्यात मैदानांच्या व्यवस्थापकांचा बराच पैसा खर्च होतो. सर्वांत कमी उंचीवर गवत कापण्याचा आग्रह हाच या त्रासाचे एक मोठे कारण आहे, आणि कापणीची उंची थोडी वाढवणे हा नियंत्रणाच्या शिफारशींतील नेहमीचा उपाय आहे.

मुळांऐवजी अंगाने शोषण करण्याचा आणखी एक परिणाम असा, की हवेतून येणारे शिसे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू मॉसच्या शरीरात साठत जातात. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉसमधील धातूंचे प्रमाण मोजून हवेच्या प्रदूषणाचा नकाशा तयार करण्याची पद्धत पुढे आली आणि नंतर ती युरोपभर वापरली गेली. त्यासाठी मुख्यतः जंगलातील मोठ्या जाती वापरतात. पण वाहतुकीच्या रस्त्यांलगत जिथे इतर मॉस टिकत नाहीत तिथे चंदेरी मॉसचे नमुने उपयोगी पडतात.

अंटार्क्टिकातील वास्तव्य हा या जातीचा सर्वांत आश्चर्यकारक भाग आहे. त्या खंडावर फुलझाडांच्या स्थानिक जाती केवळ दोन आहेत आणि त्याही द्वीपकल्पाच्या पट्ट्यातच. मॉसच्या जाती मात्र शंभराच्या आसपास आहेत. व्हिक्टोरिया लँडच्या किनाऱ्याकडे, उन्हाळ्यात बर्फ वितळून काही आठवडे पाणी वाहते अशा जागी, पक्ष्यांच्या वसाहतींजवळ चंदेरी मॉस वाढते. वर्षाचा उरलेला काळ ते गोठलेले आणि सुकलेले असते. पेशीतील पाणी आधीच निघून गेलेले असल्याने आत बर्फाचे स्फटिक होण्याचा धोका कमी होतो. सुकणे सोसण्याची क्षमता इथे थंडी सोसण्यासाठीही कामी येते. जनुकीय अभ्यासांवरून असे दिसते, की ही जाती अंटार्क्टिकात एकापेक्षा अधिक वेळा पोहोचली असावी आणि तिच्या काही वंशरेषा तिथे फार प्राचीन काळापासून असाव्यात. संशोधकांच्या बुटांबरोबर अलीकडे आलेला पाहुणा, असे तिला सरसकट म्हणता येत नाही.

तिथल्या नमुन्यांचा एक वेगळाच उपयोग न्यूझीलंडच्या संशोधकांनी करून घेतला. अतिनील किरणांपासून बचावासाठी मॉसच्या पेशींत फ्लॅव्होनॉइड नावाची संयुगे तयार होतात. जुन्या मोहिमांत गोळा करून वनस्पतिसंग्रहालयांत वाळवून ठेवलेल्या चंदेरी मॉसमधील या संयुगांचे प्रमाण मोजले, तेव्हा त्याचा संबंध त्या त्या काळातील ओझोनच्या पातळीशी जुळत असल्याचे आढळले. ओझोन मोजण्याची उपकरणे नव्हती त्या काळाबद्दल अंदाज बांधायला वाळलेल्या मॉसची पाकिटे उपयोगी पडतात, ही गोष्ट संग्रहालयांवर खर्च करायला कुरकुरणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावी. भारताचाही या प्रदेशातील मॉसशी संबंध आहे. मैत्री हे भारतीय केंद्र ज्या शिर्माखर परिसरात आहे तिथल्या मॉसचा भारतीय अभ्यासकांनी अभ्यास केला आहे, आणि भारती या दुसऱ्या भारतीय केंद्राजवळ सापडलेल्या, चंदेरी मॉसच्याच ब्रायम या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) एका मॉसला २०२१ साली ब्रायम भारतीएन्सिस असे नाव देण्यात आले.

महाराष्ट्रात हे मॉस पाहायचे असेल तर भिंतीवरचे प्रत्येक मॉस चंदेरी नसते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्याकडच्या भिंती, विहिरींचे काठ आणि पायऱ्या यांवर हायोफिला या प्रजातीचे मॉस फार मोठ्या प्रमाणावर असते. ते ओले असताना हिरवेगार दिसते आणि सुकल्यावर त्याची पाने आतल्या बाजूला गुंडाळली जाऊन पुंजका मळकट तपकिरी होतो. ब्रायम कोरोनेटम ही उष्ण प्रदेशातील नातेवाईक जातीही भिंतींवर व कुंड्यांत वाढते. तिचेही बोंड लोंबते, पण पुंजका हिरवा किंवा पिवळट हिरवा राहतो आणि बोंडाची मान फुगीर असते. फ्युनारिया, जे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या अनेकांना आठवत असेल, त्याची पाने मोठी, टोकाशी गुच्छासारखी जमलेली असतात आणि त्याचा लांब देठ सुकताना पिळला जातो.

चंदेरी मॉस ओळखण्यासाठी पाऊस ओसरल्यानंतरचे कोरडे दिवस सोयीचे, कारण भर पावसात त्याचा रंग लपतो. ऊन लागणाऱ्या जागेतील करडा-पांढरा बसका पुंजका निवडावा आणि दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन पाहावे: खोडे गुळगुळीत, गोलसर दिसत असतील, पाने सुकूनही न मुरडता खोडाला चिकटून बसलेली असतील आणि पानाचे टोक रंगहीन असेल तर जाती बहुधा हीच. मग एकच खोड चिमट्याने काढून पाण्याच्या थेंबात ठेवावे. हिरवा रंग पानाच्या बुडाकडून दिसू लागतो आणि टोक तसेच पारदर्शक राहते. रंगहीन टोक असलेली दुसरी काही मॉस आहेत, परंतु त्यांत बहुधा मध्यशीरच पानाबाहेर येऊन लांब पांढरा केस बनलेली असते. चंदेरी मॉसमध्ये मध्यशीर पानाच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच संपते आणि पांढरेपणा पानाच्या पात्यातील रिकाम्या पेशींचा असतो. हा फरक भिंगाखाली नीट दिसला नाही तर पान काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, आणि संदर्भासाठी नमुना ठेवायचा असेल तर तो कागदाच्या पाकिटात, जागा आणि तारीख लिहून, नुसता सुकवून ठेवला तरी पुरतो.